जावयाला बाकावर बसवत नाहीत

माझा पाय मोडला नसता तर मी त्या फोनला हातही लावला नसता, हे आधीच सांगून ठेवते. मोरीत घसरले, घोटा गेला, प्लास्टर बसलं. डॉक्टर म्हणाला, "माताजी, अब आराम कीजिए." मी म्हटलं, आराम कसा करतात तेही चिठ्ठीवर लिहून दे बाबा, माझ्या घरात कोणाला माहीत नाही.

कूलरसमोर पलंग टाकून मला बसवलं. थोरली सून मयूरी स्वयंपाक करायची आणि मी पलंगावरून तिला सांगायची, तेल तापलं, मोहरी टाक, जळतंय, ढवळ. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नात फोन घेऊन माझ्यापाशी आली. तिला कोणी पाठवलं ते मला विचारायची गरज नव्हती. सासू आहे मी, मला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

नात म्हणजे तनया, प्रकाश आणि मयूरीची. बारावीत गेली. दुपारभर कोचिंगला असते. तिचं मराठी अर्धं हिंदी आहे, पण माझ्यापेक्षा शिकलेली आहे, मी दुसरीतून सुटले.

"आजी, मेरी टीम संभाल ना. दुपारी मॅच असते आणि मी क्लासमध्ये असते. मतलब, तुला फक्त बघायचंय कोण आत, कोण बाहेर."

"कसली टीम?"

"फुटबॉल."

"माझ्या पायाकडे बघ आणि परत बोल."

मग तिने समजावलं. आमची रेल्वे कॉलनी जयपूर स्टेशनच्या मागे. तिथे इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे रेल्वेवाल्यांचा क्लब. दर उन्हाळ्यात तिथे पोरांच्या स्पर्धा होतात. यंदा ऊन असं की मैदानावर कुत्रंही उभं राहीना, म्हणून सेक्रेटरीने फोनवरचा फुटबॉल काढला. एका घराची एक टीम. अट एवढीच की टीममध्ये नावं घरच्यांची पाहिजेत, म्हणजे म्हातारेकोतारेही बघायला बसतील. खेळाडू आपले आपण पळतात. आपण फक्त कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं ते ठरवायचं. प्रत्येकाच्या नावाखाली एक पट्टी. दम असला की हिरवी, दमला की पिवळी, पार गेला की लाल. एक मॅच बाहेर बसवला की पट्टी पुन्हा भरते.

"याला रोटेशन म्हणतात, आजी."

"मला नको शिकवू. ड्रायव्हरची बायको आहे मी."

खरंच आहे. आमचे हे तीस वर्षं इंजिनावर होते. रात्रभर गाडी हाकून सकाळी घरी आले की मी दाराच्या कडीला लाल फडकं बांधायची. दूधवाला, पोस्टमन, शेजारीण, सगळ्यांना ठाऊक होतं. लाल फडकं आहे म्हणजे ड्रायव्हर झोपलाय, कडी वाजवायची नाही. कुकरची शिटी मी काढून ठेवायची. माझे दोन मुलगे, प्रकाश आणि निलय, खुणांनी भांडायचे, आवाज न करता एकमेकांचे केस ओढायचे. न झोपलेला ड्रायव्हर सिग्नल चुकतो, आणि मागे हजार माणसं बसलेली असतात. तेव्हा आराम म्हणजे काय ते मला फोनने सांगायला नको.

तर मी टीम बघितली. नावं तनयाने देवनागरीत घातलेली. गोलात ह्यांचं नाव. ते मी घेत नाही, बघूनच पदर सावरला. तसं बरोबर होतं, हे खुर्चीतून हलत नाहीत, गोल राखायला ठीक. मधे मोठ्या अक्षरात पार्वती. म्हणजे मी. कॅप्टन. मागे प्रकाश आणि निलय. डावीकडे मयूरी. पुढे जावई संभाजीराव आणि लेक कीर्ती, दोघं अजमेरला असतात. भुसावळचा माझा भाऊ, त्याची मुलं, असे अकरा भरले. बाकावर आणखी काही. त्यात एक नाव सुवर्णा.

"हिला कशाला घातलं?"

"काकू आहे माझी," तनया म्हणाली. "आणि मी तिला सगळ्यात जास्त स्पीड दिलाय. इथे होती तेव्हा सकाळी बसमागे कशी पळायची, बघितलंयस ना."

मी बोटाने यादी वर ढकलली.

सुवर्णा म्हणजे धाकटी सून, निलयची बायको. शाळेत शिकवते, पार सांगानेरकडे. लग्नानंतर आमच्याकडेच होती. दोन बस बदलून जायची, दोन बस बदलून यायची, मग पोळ्या. एक दिवस कणकेत हात घालून म्हणाली, "आई, मी थकते हो." मी म्हटलं, "खुर्चीत बसून पोरं शिकवतेस, डोक्यावर विटा नाही वाहत." तिने कणीक मळली, पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. महिन्याभरात दोघांनी प्रताप नगरला घर घेतलं, शाळेजवळ. गेल्या दिवाळीपासून तिने आमच्या दारात पाय टाकला नाही. निलय येतो, चहा पितो, घड्याळ बघतो, जातो.

आणि आता निलयच्या रेल्वेच्या नोकरीत म्युच्युअल निघालं होतं. नाशिककडचा कोणी रेल्वेवाला जयपूरला यायला बघतोय, त्याच्या जागी निलयला तिकडे जाता येईल, अशी अदलाबदल. सुवर्णाचं माहेर तिकडेच. निलयने अजून हो म्हटलं नव्हतं, पण त्या माणसाला जूनच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं. मला हे प्रकाशने सांगितलं. निलयने नाही. एकदा गेला की पोरगा परत जयपूरला येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण मी होऊन बोलवायचं? गेली ती. मी नाही गेले.

म्हणून सुवर्णा बाकावर. तिथेच राहू दे म्हटलं.

पहिल्या तीन मॅच आम्ही जिंकलो. सगळ्यांत आनंद ह्यांना झाला. "माझ्या हातातून बॉल सुटत नाही," असं गल्लीत सांगत फिरले. मी म्हटलं, "घरात ग्लास सुटतो तो कोणाचा?" मग पट्ट्या पिवळ्या व्हायला लागल्या. मी बरोबर ड्रायव्हरांसारखी पाळी लावली. आज प्रकाश धावला, उद्या प्रकाश झोपेल. आज भाऊ, उद्या भाचा. तनया खूश. "आजी, तू तो प्रो निकली!"

पण फोनवरच्या माणसांना मानपान नसतो, आणि खऱ्या माणसांना दुसरं काही नसतं. तनया रोज टीमचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायची. दुसऱ्याच दिवशी भुसावळहून फोन.

"ताई, मला बाहेर बसवलं?"

"तुझी पट्टी लाल आहे."

"माझी पट्टी लाल? आणि प्रकाशच्या मामेसासऱ्याची हिरवी? तो तर जिना चढून दम खातो!"

"अरे, तो खेळलाच नाही म्हणून हिरवी."

"असू दे, असू दे. बहिणीच्या घरी भावाची जागा बाकावर, लोकांनी बघितलं." आणि फोन ठेवला.

मयूरीला बसवलं तर ती दिवसभर भांडी जोरात ठेवत होती. "काही नाही, आई. मी कुठे काय बोलले."

हे सगळं मी निभावलं. एकाला मात्र मी हात लावला नाही, संभाजीरावांना. कारण हा धोंड्याचा महिना. अधिक मास तीन वर्षांनी येतो, त्यात जावयाला विष्णूसारखा मान. अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, नवे कपडे करायचे. आणि मी त्याला बाकावर बसवून फोटो ग्रुपवर टाकू? त्याची आई अजमेरात बसून बघतेय. मी म्हटलं, मेले तरी नाही.

"आजी, फूफाजींची पट्टी बघ. रेड आहे. एकदम रेड."

"असू दे. जावई आहे."

"गेमला नाही माहीत जावई!"

"मला माहीत आहे ना."

सलग सहा मॅच संभाजीराव खेळले. सहाव्याला पळता पळता मांडी धरून खाली बसले आणि नावावर एक छोटी पांढरी पट्टी आली, दवाखान्यासारखी. तनयाने डोक्याला हात लावला. "दोन आठवडे बाहेर."

संध्याकाळी कीर्तीचा फोन. मला वाटलं, आता रडणार. ती हसत होती. "आई, हे सकाळपासून लंगडतायत. खोटं खोटं. म्हणतात, सासूबाईंनी मान एवढा दिला की मांडी गेली."

"त्यांना सांग, रविवारी जेवायला या. अनारसे तयार आहेत."

"ते म्हणतात, येतो, पण जेवायला बसवा. पळवू नका."

मी हसले नाही. नंतर हसले, कोणी नसताना.

जावई नसतानाही आम्ही फायनलला पोचलो. समोर शेखावत गार्डचं घर. शेखावतणीचं नि माझं वीस वर्षांचं वाकडं आहे, सार्वजनिक नळावरून सुरू झालं ते. प्लास्टर दोन दिवसांपूर्वी निघालं होतं. वॉकर घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये गेले. हॉलमध्ये मोठा पडदा लावलेला, कूलर घरघरत होते, आख्खी कॉलनी जमलेली. शेखावतणी लाल ओढणीत पुढच्या खुर्चीत.

"अरे पार्वतीजी, आप तो खुद इंज्युर्ड हैं!"

"हाँ जी, लेकिन आपके लिए एक पाँव काफी है."

बाजूला सगळे हसले. मी बसले. तनयाने फोन माझ्या मांडीवर ठेवला, तोच पडद्यावर मोठा दिसत होता. म्हणजे जे मी करीन ते सगळी कॉलनी बघणार.

मॅच सुरू झाली आणि मागच्या दारातून निलय आत आला. त्याच्यामागे सुवर्णा. खांद्याला शाळेची पिशवी, तोंड उन्हाने उतरलेलं. तनयाने बोलावलं असणार. पोरीला मी नंतर बघून घेईन म्हटलं. सुवर्णा भिंतीला टेकून उभी राहिली, पुढे आली नाही. मी मान वळवली नाही. पण दिसलं.

पहिला गोल आमचा. भाच्याने लांबून मारला. ह्यांनी हॉलभर टाळ्या घेतल्या, जणू यांनीच मारला. मग शेखावतांनी एक फेडला. मी ओरडले, "अहो, पकडा ना!" आणि हे खुर्चीतून, "मी काय करू, प्रकाश मधे आला!" प्रकाश म्हणाला, "बाबा, मी इथे बसलोय."

एक-एक झालं. दुसऱ्या भागात आमची माणसं पाय ओढायला लागली. प्रकाश पिवळा, निलय पिवळा, मयूरी नुकतीच लाल. शेखावतांची दोन पोरं ताजी आत आली आणि आमच्या उजव्या बाजूने वाऱ्यासारखी जायला लागली. तिकडे अडवायला माणूसच नव्हता.

"आजी, चेंज कर," तनया कानात म्हणाली. "एकच बदल उरलाय."

मी बाक बघितला. संभाजीराव पांढऱ्या पट्टीत. भाऊ लाल, त्याला काल रुसवा काढायला पूर्ण मॅच खेळवला होता. मामेसासरे पिवळे. आणि सगळ्यांत खाली सुवर्णा. पूर्ण हिरवी. हिरवीगार. सगळी लीग झाली, एक मिनिट खेळवली नव्हती.

"आजी, एकच फ्रेश आहे," तनया हळू म्हणाली.

"मला डोळे आहेत."

पडद्यावर ते नाव सगळ्यांना दिसत होतं. मयूरी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. निलय जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, चला, हरू. हरलं तर काय, कप पितळेचा. पण शेखावतणीचं तोंड समोर होतं, आणि भिंतीशी ती पोरगी पिशवी खांद्यावरून न उतरवता उभी होती, आत्ता निघायचंय अशी.

"घाल तिला," मी म्हटलं.

तनयाचं बोट थांबलं. "कोणाला काढू?"

"जो सगळ्यांत दमलाय त्याला. हेही मीच सांगू?"

तनयाने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे. "आजी... तू."

"मी काय?"

"सगळ्यांत दमलेली तू आहेस. मतलब, पार्वती. पहिल्या मॅचपासून तुला एकदा पण नाही बसवलं. मी बोलणार होते, पण…"

मी बघितलं. माझ्या नावाखाली पट्टी लाल नव्हती. पट्टीच नव्हती. रिकामी. पडद्यावरची ती बाई मैदानाच्या मधे चालत होती, बॉल शेजारून गेला तरी वळत नव्हती. सगळ्यांच्या पाळ्या मी लावल्या, आणि ही एकटी सगळ्या मॅच ओढत होती. मी तिला एवढे दिवस रोज बघत होते. मला वाटायचं, तिची तब्येतच तशी.

"कॅप्टनला काढतात का?" मी विचारलं.

"काढतात. कॅप्टनचा दंडावरचा पट्टा दुसऱ्याला देतात."

"मग काढ."

पडद्यावर आलं, पार्वती बाहेर, सुवर्णा आत. शेखावतणी टाळी वाजवून म्हणाली, "लो, सास बैठ गई, बहू आ गई!" सगळा हॉल हसला. मी वळून बघितलं, आता बघायला हरकत नव्हती. सुवर्णाचा हात तोंडावर होता. पिशवी खाली जमिनीवर.

पुढचं तुम्हाला सांगते. ती पोरगी पळाली. शेखावतांच्या ताज्या पोरांच्या मागून निघून पुढे गेली. मी खुर्चीतून उठले, पाय दुखला, परत बसले. "सुवर्णा, पळ!" असं कोणीतरी ओरडलं. नंतर तनया म्हणाली ते मी ओरडले. असेल. तिने बॉल नेला नेला आणि मयूरीच्या पायाशी आणून ठेवला. मयूरी लाल, तिला पळवत नव्हतं, पण पळायची गरजच नव्हती. नुसतं ढकलायचं होतं. तिने ढकललं.

दोन-एक.

खरी मयूरी किंचाळून उठली आणि मागे धावत जाऊन सुवर्णाच्या गळ्यात पडली. या दोघी एका घरात चार वर्षं राहिल्या, अशा गळ्यात पडलेल्या मी बघितल्या नव्हत्या.

कप मिळाला. शेखावतणी येऊन म्हणाली, "बहू ने जिताया आपको." मी म्हटलं, "हमारी है, तो जिताएगी ही." आणि मग सुवर्णा समोर आली. बऱ्याच महिन्यांनी जवळून बघितली. वाळली होती.

वाकून नमस्कार केला. "आई, तुम्ही स्वतःला काढलंत?"

"मग काय तुझ्या सासऱ्यांना काढू? गोलात कोण उभं राहील?"

ती हसली. मी म्हटलं, "रविवारी संभाजीराव येतायत, धोंडे करणार आहोत. तुम्ही दोघं या." ती काही बोलायच्या आत मी पुढचं बोलून टाकलं. "आणि स्वयंपाकघरात यायचं नाही. पहिल्या पंगतीला बसायचं, जावयाशेजारी."

"आई, सुना पहिल्या पंगतीला…"

"माझं घर आहे. पंगत मी लावते."

रविवारी आले. संभाजीराव दारातच लंगडले, कीर्तीने पाठीत बुक्की घातली. सुवर्णा पाटावर बसली, अवघडून, सारखी उठायला बघत होती. मी वॉकर धरून स्वतः तिच्या ताटात धोंडा वाढला, वर तूप. संभाजीराव म्हणाले, "सासूबाई, माझा मान?" मी म्हटलं, "तुमची पट्टी अजून पांढरी आहे. हळूहळू खा."

जेवण झालं तसे तिचे डोळे मिटायला लागले. आठवडाभर शाळा, उन्हाळी वर्ग, प्रताप नगरहून उन्हात बस. ती ताटं उचलायला वाकली. मी म्हटलं, "ठेव. आतल्या खोलीत कूलर लावलाय, जा." तिला खरं वाटेना. मयूरीने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

ती झोपल्यावर मी कपाटाच्या तळाशी हात घातला. जुन्या साड्यांखाली होतं, रंग उडालेला, पण लाल. खोलीच्या कडीला बांधलं. ह्यांनी बघितलं, टीव्हीचा आवाज बंद केला.

निलय पाणी प्यायला आत येत होता. कडीशी थांबला. त्या फडक्याकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. लहानपणी त्या फडक्यासमोर हा प्रकाशचे केस ओढायचा, आवाज न करता. मग चप्पल हातात घेऊन, पायात न घालता, अंगणात गेला. खिडकीतून मला दिसत होतं. फोन लावला.

"नहीं भैया," तो हळू आवाजात म्हणाला. "म्युच्युअल नहीं हो पाएगा. हाँ, पक्का. आप किसी और से बात कर लो."

मी खिडकीतून सरकले. स्वयंपाकघरात मयूरी संध्याकाळचा भात लावत होती.

"शिटी काढ," मी कुजबुजले.

तिने काढली. मग कुकरकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी पण लाल होते हो. शेवटी शेवटी."

"मला डोळे आहेत," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी तुझी पाळी. आता चुलीपासून हो बाजूला, मी उभी राहते."

"तुम्ही? पाय?"

मी वॉकर बाजूला लावला आणि विचार केला. मग जवळची खुर्ची ओढून त्यावर बसले.

"बरं. बसून सांगते. तेल ताप..."

"आई," मयूरी म्हणाली, "हळू. सुवर्णा झोपलीय."